'आयरनी' : संज्ञा, संकल्पना आणि मराठी भाषाव्यवहार

१. प्रास्ताविक

ज्या पाश्चात्त्य संज्ञांना मराठी समीक्षेत सर्वमान्य पर्याय मिळू शकलेला नाही, त्यांत 'आयरनी' या संज्ञेचा समावेश करावा लागेल. उपरोध, वक्रोक्ती, व्याजोक्ती, उपहास, विरोधाभास, विसंगती, दैवदुर्विलास असे अनेक शब्द तिच्यासाठी योजले जातात. एखाद्या पात्राच्या बोलण्याविषयी लिहिताना 'उपरोध' आणि त्याच पात्राच्या आयुष्याविषयी लिहिताना 'दैवदुर्विलास' असा शब्दबदल होतो, आणि या दोन शब्दांखाली मुळात एकच संकल्पना उभी आहे, हे वाचकाच्या लक्षातही येत नाही. वृत्तपत्रीय मराठीने यात आणखी दोन शब्दांची भर घातली आहे. एक 'शोकांतिका' आणि दुसरा, हिंदीच्या सहवासाने आलेला, 'विडंबना'. मराठीत 'विडंबन' म्हणजे मूळ कृतीच्या शैलीचे थट्टेखोर अनुकरण, हा अर्थ केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले' (१९२५) या संग्रहापासून तरी रूढ आहे. त्यामुळे 'विडंबना'चा हा नवा वापर जुन्या वाचकाला खटकतो आणि नव्या वाचकाला खटकेनासा झाला आहे.

पर्यायांची ही विपुलता म्हणजे समृद्धी नव्हे. तिच्यामुळे दोन प्रकारचा गोंधळ होतो. एक, बोलण्यातील आयरनी म्हणजे 'उलटे बोलणे' एवढेच समजले जाते. दोन, घटनेतील आयरनी म्हणजे 'वाईट नशीब' किंवा 'विचित्र योगायोग' समजला जातो. पहिल्या गोंधळाने साहित्यकृतीचे वाचन चुकते. दुसऱ्याने समाजातील घटनांची जबाबदारी कोणाची, याविषयीचा विचारच चुकतो. या दोन्हींचा उलगडा करण्यासाठी संज्ञेचा इतिहास, संस्कृत काव्यशास्त्रातील तिच्या जवळपासच्या संकल्पना आणि मुख्यतः मराठी माणसाचे रोजचे बोलणे यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. संज्ञेचा पूर्वेतिहास

ही संज्ञा ग्रीक 'आयरोनिआ' या शब्दापासून आली. प्राचीन ग्रीक बोलण्यात हा शब्द प्रशंसेचा नव्हता. अज्ञानाचे वा असमर्थतेचे सोंग घेऊन दुसऱ्याला बनवणे, असा त्याचा काहीसा निंदाव्यंजक अर्थ होता. ग्रीक सुखात्मिकेत 'आयरॉन' हे पात्र स्वतःला कमी लेखणारे, तर 'अलाझॉन' हे बढाईखोर. पहिल्याने दुसऱ्याची फजिती करावी, ही तेथील रीत. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात या दोन वृत्ती सत्यनिष्ठेच्या दोन बाजूंना ठेवल्या : एक असते त्याहून कमी सांगणारी, दुसरी असते त्याहून अधिक सांगणारी. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये थ्रॅसिमॅकस हा सॉक्रेटिसवर नेहमीची 'आयरोनिआ' केल्याचा आरोप करतो, तेव्हा तो त्याला चतुर म्हणत नसून लबाड म्हणत असतो. सॉक्रेटिसच्या निमित्ताने मात्र या शब्दाचे मूल्य हळूहळू पालटले. अज्ञानाचे सोंग हे ज्ञानाकडे नेणारे साधन ठरू शकते, हे त्याच्या संवादांमुळे मान्य झाले.

पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याने आयरनीला अलंकारांच्या कोटीत बसवले आणि शब्दांनी सांगितले जाते त्याच्या विरुद्ध जे समजून घ्यायचे, ते तिचे लक्षण सांगितले. शालेय व्याकरणातून आजही शिकवली जाते ती बहुतांशी हीच व्याख्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रीडरिश श्लेगेल याने या संज्ञेला तत्त्वचिंतनाचे परिमाण दिले, तर १८३३ मध्ये कॉनप थर्लवॉल याने सॉफोक्लीजच्या नाटकांवरील निबंधात नाट्यवस्तूच्या संदर्भात तिचा विचार केला. पुढे कीर्केगार्दने १८४१ मध्ये सॉक्रेटिसच्या संदर्भात या संकल्पनेवरच प्रबंध लिहिला. विसाव्या शतकात क्लिअंथ ब्रुक्स प्रभृती नवसमीक्षकांनी तिला काव्याच्या एकूण घडणीचे तत्त्व मानले. डी. सी. म्यूके याने १९६९ मध्ये या पसरलेल्या संकल्पनेची मांडणी करताना तिचे तीन घटक सांगितले : अर्थाचे दोन स्तर, त्या स्तरांतील विरोध आणि त्या विरोधाविषयी कोणाचे तरी, खरे वा दाखवलेले, अज्ञान. बोलण्यातील, नाटकातील आणि घटनेतील आयरनी या तिन्हींना हे तीन घटक लागू पडतात, म्हणून पुढील विवेचनात ते गृहीत धरले आहेत.

३. संस्कृत काव्यशास्त्रातील समांतर संकल्पना

मराठी पर्यायांपैकी बरेच शब्द संस्कृत अलंकारशास्त्रातून आले आहेत. पण त्या शास्त्रात त्यांना जो नेमका अर्थ होता, तो ध्यानात घेतला तर ते आयरनीसाठी किती अपुरे आहेत हे कळते. 'वक्रोक्ती' हा शब्द भामहाकडे आणि पुढे कुंतकाकडे फार व्यापक आहे. कुंतकाच्या मते तर काव्याचे जीवितच वक्रोक्ती होय. रुद्रटाने तिला मर्यादित अलंकार मानले, तेव्हा श्लेषाने किंवा काकूने एकाचे वाक्य दुसऱ्याने निराळ्या अर्थी घेणे, हे तिचे स्वरूप ठरवले. म्हणजे येथे वाक्य वाकवतो तो ऐकणारा. आयरनीत ते बोलणाराच वाकवून देतो. 'व्याजोक्ती'चे तर कार्यच उलटे आहे. उघड होऊ लागलेली गोष्ट काही निमित्त पुढे करून झाकणे म्हणजे व्याजोक्ती. आयरनीला झाकायचे नसते. तिला उघडे पडायचे असते. शिवाय मराठीत 'व्याज' म्हणजे सावकाराचे व्याज, हा अर्थ इतका प्रबळ आहे की 'व्याजोक्ती'तील 'निमित्त, सोंग' हा अर्थ सामान्य वाचकापर्यंत पोहोचतच नाही. 'विरोधाभासा'त विरोध वरवरचा असतो आणि अर्थ कळला की तो मिटतो. आयरनीत अर्थ कळल्यानंतरच विरोध बोचू लागतो. 'व्याजस्तुती' ही त्यातल्या त्यात जवळची. परंतु ती स्तुती आणि निंदा यांच्यापुरतीच मर्यादित आहे.

खरे साम्य अलंकारप्रकरणात नसून शब्दशक्तींच्या विचारात सापडते. अपकार करणाऱ्याला उद्देशून, त्याने किती उपकार केले आणि केवढे सौजन्य दाखवले, असे सांगून त्याला दीर्घायुष्य चिंतणारा एक श्लोक मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त ध्वनीचे उदाहरण म्हणून दिला आहे. येथे वाच्यार्थ पूर्णपणे बाजूला पडतो आणि विपरीत लक्षणेने त्याच्या उलट अर्थ हाती येतो. आयरनीचे हे निखळ उदाहरण आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक उद्बोधक उदाहरण 'गाथासप्तशती'तील आहे. महाराष्ट्री प्राकृतातील एका गाथेत, गोदावरीकाठच्या कुंजाकडे फुले वेचण्यासाठी येणाऱ्या एका धार्मिक गृहस्थाला एक स्त्री सांगते, की आता निर्धास्तपणे फिरा. ज्या कुत्र्याचे भय वाटे, त्याला कुंजात राहणाऱ्या सिंहाने मारून टाकले आहे. तो कुंज तिचे संकेतस्थळ आहे आणि तेथे कोणी फिरकू नये, हा तिचा हेतू. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त ही गाथा घेतली ती वाच्यार्थ विधिरूप आणि व्यंग्यार्थ निषेधरूप असू शकतो, हे दाखवण्यासाठी. आयरनीच्या दृष्टीने येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. मम्मटाच्या श्लोकात ज्याला उद्देशून बोलले जाते त्याला खरा अर्थ कळावा, अशी बोलणाऱ्याची इच्छा आहे. गाथेतील गृहस्थाला मात्र भय तेवढे कळायचे आहे. हेतू कळायचा आहे तो सहृदय वाचकाला. पहिली केवळ वाचिक आयरनी होय. दुसरी नाट्यगत आयरनीच्या सीमेवर उभी आहे. दोन्ही प्रकार या भूमीतील वाङ्मयविचाराला अपरिचित नव्हते. त्यांना जोडणारे एक नाव तेवढे नव्हते.

४. मराठी बोलण्यातील आयरनी

मराठीत या व्यवहारासाठी स्वतःचे शब्द नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. टोमणा, टोला, चिमटा, कोपरखळी, खोचक बोलणे, तिरकस बोलणे, आडून बोलणे असे कितीतरी शब्द आहेत. त्यांचे स्वरूप पाहिले असता एक गोष्ट जाणवते. यांतील काही शब्द घावाची नावे आहेत, तर काही वाटेची. बोलणे लागले कोठे आणि ते आले कोणत्या दिशेने, याची नोंद मराठीने बारकाईने केली आहे. बोललेले आणि अभिप्रेत यांतील अंतराला मात्र वेगळे नाव दिलेले नाही. 'उपरोध' या शब्दातही मूळ अर्थ अडथळा वा अडवणूक असाच आहे.

प्रत्यक्ष बोलण्यात मात्र हे अंतर पदोपदी दिसते. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला 'काय दिवे लावलेस!' असे म्हटले जाते. दिवा लावणे ही मराठी घरातील मंगल कृती. वंशाचा दिवा, कुलदीपक हे मुलाविषयीच्या अपेक्षेचे शब्द. त्या अपेक्षेचाच उच्चार तिच्या भंगाच्या क्षणी केला जातो. 'उजेड पाडला', 'गुण उधळले', 'पराक्रम केला', 'प्रताप पाहा याचे', 'मुक्ताफळे उधळली' हे सर्व प्रयोग याच घडणीचे आहेत. माराला 'प्रसाद', तुरुंगवासाला 'सरकारी पाहुणचार' आणि थप्पड बसते त्या तोंडाला 'श्रीमुख' म्हणताना मराठी माणूस देवघर आणि दिवाणखाना यांतील आदराचे शब्द उचलतो व अनादराच्या जागी ठेवतो.

या उदाहरणांत एक दिशा स्पष्ट आहे. मंगलाकडून अमंगलाकडे, स्तुतीकडून निंदेकडे जाणारे प्रयोग विपुल आहेत. उलट दिशेचे अगदी थोडे. तान्ह्या बाळाला 'लबाड', 'द्वाड' म्हणतात ते लाडाने. त्यात कोणत्याही अपेक्षेचा भंग झालेला नसतो. या एकमार्गीपणाचे कारण भाषाशास्त्रज्ञ डॅन स्पर्बर आणि डेअर्ड्रे विल्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या उपपत्तीने चांगले उलगडते. त्यांच्या मते आयरनीने बोलणारा शब्दाचा उलट अर्थ सांगत नसतो; तो कोणाच्या तरी विचाराचा, अपेक्षेचा वा बढाईचा प्रतिध्वनी उमटवतो आणि तसे करताना त्या विचारापासून आपण दूर असल्याचे सूचित करतो. समाजाच्या अपेक्षा सहसा चांगल्याच असतात. म्हणून प्रतिध्वनीही चांगल्या शब्दांचा उमटतो.

या उपपत्तीला मराठी व्याकरणातूनच एक भक्कम आधार मिळतो. 'हे म्हणे समाजसेवक!' या वाक्यातील 'म्हणे' हा शब्द पाहावा. 'तो म्हणे उद्या येणार आहे' या वाक्यात 'म्हणे' केवळ ऐकीव माहितीचा निर्देश करतो. पहिल्या वाक्यातही तो तेच करतो. 'समाजसेवक' हा शब्द माझा नव्हे, दुसऱ्या कोणाचा, बहुधा त्या गृहस्थाचाच, असे तो सांगतो. ऐकीव माहिती दर्शवणारा शब्दच उपरोधाची खूण व्हावा, हे आकस्मिक नाही. दोन्हीकडे दुसऱ्याचे बोलणे आपल्या तोंडून, पण आपली हमी न देता, ऐकवायचे असते. 'काय पण अक्कल!', 'आला मोठा शहाणा!' यांतील 'काय पण' आणि 'मोठा' यांचे कामही थोडेफार असेच आहे.

दुसरी खूण आदरार्थी रूपांची. मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा पायऱ्या असल्यामुळे एक पायरी विनाकारण वर चढताच आयरनी निर्माण होते. रोज 'तू' म्हणवून घेणाऱ्या मुलाला उशिरा उठल्यावर आई 'उठलात का महाराज?' असे विचारते, तेव्हा एकही शब्द विरुद्धार्थी नसतो. क्रियापदाच्या रूपानेच सगळे साधते.

तिसरी आणि सर्वांत जुनी खूण म्हणजे काकू, अर्थात आवाजाचा चढउतार. 'शहाणा आहेस' हे वाक्य पाठ थोपटताना आणि डोळे वटारताना सारखेच लिहिले जाते. येथे एक भेद करणे आवश्यक आहे. 'शहाणा'मधील आयरनी जिवंत आहे. ती प्रत्येक वेळी ओळखावी लागते. 'दीडशहाणा', 'दिवटा' किंवा 'अकलेचा कांदा' यांतील आयरनी शब्दकोशात स्थिरावली आहे. ती ओळखण्याचे श्रम उरलेले नाहीत. लेखकाचे सामर्थ्य जोखताना या दोहोंची गल्लत होऊ नये. रूढ झालेल्या उपरोधाचा सढळ वापर करणारा लेखक खमंग लिहितो, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

५. विरुद्धार्थ आणि आयरनी

'उलटे बोलणे म्हणजे आयरनी' या व्याख्येची परीक्षा मराठीतील आणखी एका शब्दगटाने होते. घरातून निघणारा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. नारळ फोडायचा असला तरी तो 'वाढवला' जातो. बांगडी फुटली तरी ती 'वाढली' असे म्हणतात. दिव्याला 'निरोप' दिला जातो. या सर्व ठिकाणी शब्द वस्तुस्थितीच्या उलट आहे, आणि ऐकणाऱ्याला वस्तुस्थिती पूर्ण ठाऊक आहे. क्विंटिलियनची व्याख्या शब्दशः घेतली तर ही सर्व आयरनीची उदाहरणे ठरतील. तशी ती नाहीत, हे मराठी भाषिकाला सांगावे लागत नाही.

भेद बोलणाऱ्याच्या वृत्तीत आहे. 'येतो' म्हणणारा त्या शब्दाच्या पाठीशी उभा असतो. परत येणे घडावे, अशी त्याची इच्छा असते. 'दिवे लावलेस' म्हणणारा त्या शब्दापासून दूर सरलेला असतो. पहिल्यात अमंगल टाळण्यासाठी मंगल शब्द पुढे केला जातो. दुसऱ्यात मंगल शब्दाच्या पोकळपणाकडे बोट दाखवले जाते. अर्थाचा विरोध दोन्हीकडे आहे. निवाडा फक्त दुसरीकडे आहे. म्हणून विरुद्धार्थ हे आयरनीचे साधन म्हणता येईल, लक्षण नव्हे. 'उठलात का महाराज' यासारख्या उदाहरणांत तर ते साधनही अनावश्यक ठरते.

६. श्रोत्यांचा प्रश्न

आयरनीला श्रोते दोन लागतात, ही गोष्ट फाउलरने इंग्रजीच्या प्रयोगांवरील आपल्या १९२६ च्या कोशात ठळकपणे नोंदवली : एक, जो शब्द ऐकतो आणि फसतो, दुसरा, जो शब्दही ऐकतो आणि पहिल्याचे फसणेही पाहतो. मम्मटाने व्यंग्यार्थाची प्रतीती कशाकशाच्या वैशिष्ट्याने होते हे सांगताना वक्ता, ज्याला उद्देशून बोलायचे तो, काकू, प्रसंग, देश आणि काल यांच्याबरोबर 'अन्यसंनिधी', म्हणजे तिसऱ्याचे जवळ असणे, याचाही समावेश केला आहे. मराठीत या तत्त्वाची म्हणच झाली आहे : 'लेकी बोले, सुने लागे'. बोलणे लेकीला, लागणे सुनेला. आणि सुनेने उत्तर दिलेच, तर 'तुला कोण बोलले?' असे विचारण्याची सोय सासूकडे शिल्लक.

या सोयीमुळेच आयरनीचा सामाजिक उपयोग दुहेरी होतो. बलवान तिचा वापर जबाबदारी टाळण्यासाठी करतो. दुर्बल तिचा वापर करतो तो सरळ बोलण्याची मुभा नसते म्हणून. मराठीतील दुसऱ्या प्रकारचे तेजस्वी उदाहरण ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) या पुस्तकात आढळते. विधवांच्या पतनाची चर्चा करणाऱ्या पुरुषी लेखनाला उत्तर देताना ताराबाई पुरुषांनी स्वतःला बहाल केलेली शौर्याची, शहाणपणाची आणि पावित्र्याची विशेषणे त्यांच्यासमोर धरतात आणि त्यांच्या वर्तनाशी त्यांचा मेळ घालून दाखवायला सांगतात. शब्द पुरुषांचेच, प्रतिध्वनी स्त्रीचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'तील उपरोध विद्वत्तेच्या अधिकाराने बोलतो. ताराबाईंचा उपरोध तो अधिकार नाकारला गेल्यामुळे बोलतो. दोन्हींना 'औपरोधिक शैली' एवढेच म्हणून थांबले तर हा भेद नजरेआड होतो.

लिखित आयरनीपाशी काकू नसते, त्यामुळे ती धोक्याचीही ठरते. इंग्लंडमध्ये डॅनियल डीफो याने १७०२ मध्ये एक निनावी पत्रक काढले आणि त्यात धर्मसुधारक पंथीयांचा नायनाट करावा, अशी मागणी त्यांच्या कट्टर विरोधकांच्याच भाषेत केली. विरोधकांची भाषा किती हिंस्र आहे हे दाखवणे, हा त्याचा उद्देश. परंतु सोंग इतके बेमालूम वठले की काहींनी ते खरे मानून त्याचे स्वागत केले. पुढे खरा हेतू कळल्यावर ते संतापले. डीफोला १७०३ मध्ये भर चौकात खोड्यात उभे राहण्याची शिक्षा झाली. त्याच्यावर दोन्ही बाजू रुष्ट झाल्या : एका बाजूला तो आपला वाटला होता, दुसरीला तो शत्रू वाटला होता. आयरनीच्या वाचनात चूक झाली तर अर्थ थोडा कमी पडत नाही, तो पूर्ण उलटतो, एवढे या प्रसंगावरून दिसते. वेन बूथ याने १९७४ मध्ये आयरनीच्या वाचनाचे टप्पे तपशिलाने मांडले, ते या धोक्याची जाणीव ठेवूनच.

७. घटनेतील आयरनी : तीन म्हणींचा दाखला

घटनेतील आयरनीविषयी वृत्तपत्रीय मराठीत अधिक सैलपणा आढळतो. काही अनपेक्षित घडले, काही दुःखद घडले, दोन घटना एकाच दिवशी घडल्या, की 'दैवदुर्विलास', 'शोकांतिका' किंवा 'विडंबना' यांपैकी एक शब्द हमखास येतो. परंतु ज्या भेदाची येथे गरज आहे, तो मराठीच्या म्हणींनी फार पूर्वीच केलेला आहे.

'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही म्हण योगायोगाची आहे. दोन घटना एकाच क्षणी घडल्या. त्यांच्यात कार्यकारणसंबंध नाही, एवढेच ती सांगते. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आपत्तीत आपत्तीची भर पडल्याचे सांगते. अधिक मास कालगणनेच्या नियमानुसार यायचाच होता. तो दुष्काळाच्या वर्षी आला, हे दुर्दैव. दुष्काळाने त्याला आणले नाही किंवा त्याने दुष्काळ टाळण्याचे वचन दिले नव्हते. 'कुंपणानेच शेत खाल्ले' ही म्हण मात्र निराळ्या जातीची आहे. कुंपण घातले ते शेत राखण्यासाठी. शेत गेले ते कुंपणामुळे. अपेक्षा होती, तिच्या नेमके उलट घडले आणि जे साधन अपेक्षेच्या पूर्तीसाठी योजले होते त्यानेच ते घडवले. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे घटनेतील आयरनी होते. शेतकऱ्याचे अज्ञान हा म्यूकेचा तिसरा घटकही येथे आहेच. तो कुंपणाकडे पाठ करून निर्धास्त झोपलेला असतो. 'दिव्याखाली अंधार' आणि 'करायला गेलो गणपती, झाला मारुती' या म्हणीही थोड्याफार फरकाने याच वर्गात बसतात.

आता अग्रलेखांत शोभेल असे एक नमुन्यादाखल वाक्य घ्यावे : 'ज्यांच्या जमिनीवर धरण झाले, त्यांच्याच वसाहतीत प्यायला पाणी नाही, हा केवढा दैवदुर्विलास!' वाक्य सहानुभूतीचे आहे, त्यातील विरोध खरा आहे आणि आयरनीही खरी आहे. चूक आहे ती शेवटच्या शब्दात. येथे दैवाचा काहीही संबंध नाही. धरणाची जागा, कालव्याची दिशा आणि पुनर्वसनाची वसाहत ही सर्व माणसांनी केलेल्या निर्णयांची फळे आहेत. घटना कुंपणाच्या जातीची. शब्द तेराव्या महिन्याच्या जातीचा. 'दैवदुर्विलास' म्हणताच कुंपण नजरेआड होते आणि आभाळाकडे पाहण्याची पाळी येते. 'शोकांतिका' हा शब्दही हेच करतो, कारण शोकांतिकेत शेवट अटळ असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जे टाळता आले असते, त्याला अटळाचे नाव मिळते. 'अन्नदाताच उपाशी' यासारख्या वाक्यांना हाच शब्द जोडला जातो, तेव्हा करुणा व्यक्त होते. परंतु प्रश्न विचारायचा राहून जातो.

दैवदुर्विलास हा शब्द त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. ईडिपसच्या कथेत तो यथार्थ आहे. भाकित चुकवण्यासाठी उचललेले प्रत्येक पाऊल भाकिताकडेच नेते आणि त्यामागे माणसाच्या आवाक्याबाहेरची शक्ती आहे, असे ती कथा मानते. जेथे अशी शक्ती मानण्याचे कारण नाही, तेथे तो शब्द वापरणे म्हणजे घटनेचे वर्णन न करता तिचा निकाल देणे होय.

८. नाटकातील आयरनी

मराठी नाटकाने या संकल्पनेचे दोन्ही पैलू समर्थपणे हाताळले आहेत. राम गणेश गडकरी यांच्या, १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला' या नाटकाचे शीर्षकच पाहावे. पहिला प्याला घेणाऱ्या सुधाकराच्या दृष्टीने 'एकच' हा शब्द मर्यादेचा आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने तो सर्वनाशाच्या प्रारंभाचा आहे. शब्द तोच, पात्राचे अज्ञान आणि प्रेक्षकाचे ज्ञान यांतील अंतराने त्याला दुसरा अर्थ मिळतो. नाटक पुढे सरकते तसा 'एक' हा आकडा अधिकाधिक भयावह होत जातो.

विजय तेंडुलकर यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात आयरनी केवळ संवादांत न राहता रचनेत उतरली आहे. अण्वस्त्रांच्या प्रश्नावर अमेरिकेच्या अध्यक्षांवर अभिरूप खटला चालवण्यासाठी एका गावी आलेली मंडळी, वेळ घालवण्यासाठी म्हणून आपल्यातीलच लीला बेणारे हिच्यावर लुटुपुटीचा खटला भरतात. खेळाचे निमित्त करून खरा सूड उगवला जातो. न्यायाचे शिक्षण देण्यासाठी निघालेल्यांकडूनच अन्याय घडतो. आरोप असतो भ्रूणहत्येचा. निकाल दिला जातो तो तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा. ज्या कृत्याबद्दल दोषी धरायचे, त्याच कृत्याची शिक्षा फर्मावणारे हे न्यायासन 'कुंपणानेच शेत खाल्ले' या म्हणीचे नाट्यरूप आहे. येथे 'बेणारेबाईंची शोकांतिका' एवढेच म्हणून थांबणारी समीक्षा तिच्या दुःखाकडे पाहते. ते दुःख घडवणाऱ्या मंडळींकडे पाहायचे राहते. तेंडुलकरांचा रोख मात्र प्रामुख्याने त्या मंडळींवर आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. आयरनी ही व्यापक संकल्पना असून तिच्यासाठी मराठीत एकच शब्द शोधण्याचा अट्टाहास फलदायी ठरलेला नाही. 'आयरनी' ही संज्ञा जशीच्या तशी व्यापक अर्थी ठेवावी, हे अधिक सोयीचे. बोलण्यातील आयरनीला 'उपरोध' हा शब्द रूढ आहे आणि पुरेसा आहे. मात्र विरुद्धार्थ नव्हे, तर दुसऱ्याच्या शब्दाचा हमी न देता केलेला उच्चार हे त्याचे मर्म मानले पाहिजे. 'वक्रोक्ती' आणि 'व्याजोक्ती' यांना त्यांचे शास्त्रीय अर्थ परत द्यावेत. 'विडंबन' हा शब्द वाङ्मयीन अनुकरणापुरता राखावा. घटनेतील आयरनीसाठी 'घटितगत आयरनी' असा साधा शब्दप्रयोग चालू शकेल. 'दैवदुर्विलास' हा शब्द जेथे दैव मानले आहे, तेथेच वापरावा.

परिभाषेची ही शिस्त समीक्षकाला जितकी आवश्यक आहे, तितकीच वार्ताहराला आणि अग्रलेखकारालाही आहे. साहित्यकृतीत शब्द चुकला तर एका पात्राचे आकलन चुकते. समाजाविषयी लिहिताना तो चुकला, तर शेत कोणी खाल्ले या प्रश्नाचे उत्तर चुकते. मराठी म्हणीने हे उत्तर अचूक दिलेले आहे. ते पावसावर किंवा नशिबावर न ढकलता तिने कुंपणाचे नाव घेतले आहे.